कल्ल्यातली फणी

दादा मला म्हणायचा, "देवानं हिला पायाला भिंगरी बांधूनच खाली सोडली." खोटं नव्हतं ते. मला एका जागी बसवत नाही, आजही नाही. मुलींच्या शाळेत मी नुकतीच शिकवायला लागले होते, आणि वर्गात इतक्या येरझारा घालायचे की माझ्याकडं बघून बघून पोरींच्या माना दुखायच्या. सोलापूर तसंही गिरणीच्या भोंग्यावर उठणारं गाव, पण मी भोंग्याच्या आधी उठून अंगण तुडवत असे. अशा बाईला देवानं एक अख्खा उन्हाळा आजाऱ्याच्या उशाशी बसवलं. दादाला नारू झाला होता.

हल्लीच्या पोरांना नारू म्हणजे काय ते ठाऊक नाही, बरंच आहे. पायाला आधी खाज सुटते, मग फोड येतो, आणि तो फुटला की आतून दोऱ्यासारखा पांढरा जंत डोकं काढतो. हातभर, कधी त्याहून लांब. तो ओढून काढता येत नाही. काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा बाहेर घ्यावा लागतो, आणि मध्येच तुटला की पाय सुजून भोपळ्याएवढा होतो. दादाचा तुटला. गल्लीतल्या एका शहाण्यानं "एका हिसक्यात काढतो" म्हणत हिसका दिला आणि स्वतः घरी जाऊन जेवला. दादा मात्र तापानं फणफणला.

आई-वडील लवकर गेले. दादानं मला वाढवलं, आणि गल्लीनं नाकं मुरडली तरी मास्तरीण होऊ दिलं. त्याचा माग आमच्या पुढच्या खोलीत होता. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, हातानं धोटा फेकायचा आणि पायानं पावड्या दाबायच्या. एक पाय गेला की विणकर संपला. इस्पितळातल्या डॉक्टरनं घोटा दाबून बघितला आणि स्पष्टच सांगितलं, "या खेपेला निभावलं. पुन्हा याच पायात निघाला आणि तुटला, तर घोटा कायमचा धरेल." वहिनी पहिल्या बाळंतपणाला करमाळ्याला माहेरी गेली होती. तिला आम्ही काहीच कळवलं नाही. दादा आढ्याकडं बघत पडून राहायचा आणि झोपेतसुद्धा त्याचा चांगला पाय नसलेली पावडी दाबायचा.

नळ आमच्या गल्लीपर्यंत आले नव्हते. सगळी गल्ली पायऱ्यांच्या विहिरीवर जगायची. पायऱ्या उतरून पाण्यात घोट्यापर्यंत उभं राहायचं, घागर बुडवायची, तहान लागली असेल तर तिथंच ओंजळीनं प्यायचं. एके दिवशी आरोग्य खात्याचे एक साहेब रॉकेलचा डबा घेतलेल्या शिपायाला बरोबर घेऊन तिथं उतरले. डब्यात हिप्परग्याच्या तलावातले मासे होते, बोटाएवढे, पाठीवर हिरवट आणि पोटाशी चांदी. गल्लीनं त्यांचं नाव लगेच 'माशेवाले साहेब' ठेवलं.

साहेबांनी पेल्यात विहिरीचं पाणी घेऊन उन्हात धरलं. पाण्यात पांढरे ठिपके होते. काही सावकाश हेलकावत जात होते, काही मध्येच टुणकन उडी मारत होते. साहेबांनी भिंग दिलं तेव्हा दिसलं की उडी मारणाऱ्यांना एकच डोळा आहे आणि शेपटीजवळ अंड्यांच्या दोन पिशव्या. साहेबांनी समजावलं, नारूची पिल्लं या उड्या मारणाऱ्यांच्या पोटात असतात, ते पाणी प्यालं की माणसात जातात, आणि वर्षानं पायातून निघतात. नारू झालेला माणूस आग होते म्हणून पाय गार पाण्यात बुडवतो, तेव्हा तो जंत पुन्हा हजारो पिल्लं पाण्यात सोडतो. मासे या ठिपक्यांना खातील. नाहीतर पायऱ्या फोडून विहिरीला कठडा आणि रहाट बसवावा लागेल.

"मासा काय फडकं हाय का पाणी गाळायला?" कुणीतरी विचारलं आणि सगळे हसले.

मी घरी येऊन हे दादाला सांगितलं आणि सांगून चुकले. त्यानं पांघरूण सारून सुजलेला पाय बघितला. मग म्हणाला, "मी बसलोवतो की हिरीत पाय सोडून. लई आग व्हत व्हती. म्हंजी मीच समद्यास्नी पाजलं म्हन की." त्या दिवसापासून मासे ही माझी खासगी बाब झाली. ते खातात की नाही हे मला कळलंच पाहिजे होतं.

शाळेतून आले की मी सरळ विहिरीवर. तिथंच ओंजळीनं पाणी प्यायचं, मग पायरीवर उकिडवं बसून मासे बघायचे. माशांवर माझा भरवसा इतका की दुसरा विचारही मनात यायचा नाही. पण वरून काही धड दिसेना, तेव्हा मी लोणच्याची काचेची बरणी घासून घेतली, पदरानं एक मासा धरला आणि बरणी दादाच्या अंथरुणापाशी आणून ठेवली. आता विहिरीतले ठिपके हवे होते. ते भरपूर मिळण्याची एकच जागा मला ठाऊक होती.

आमच्या समोर एक काकू एकट्या राहायच्या. जैन, वयस्कर, काटक. न गाळलेल्या पाण्याचा थेंब त्यांनी जन्मात तोंडात घातला नव्हता. दादानंच त्यांना दाट विणीचं जाड फडकं विणून दिलं होतं. ते दुहेरी करून त्या पाणी गाळायच्या. मग फडकं उलटं करून गाळलेल्या पाण्यानं हळूहळू धुवायच्या आणि ते धुवण तांब्यात घेऊन पुन्हा विहिरीत नेऊन सोडायच्या. त्याला त्या जिवाणी म्हणत. फडक्यात अडकलेले जीव ज्या पाण्यातले त्याच पाण्यात परत गेले पाहिजेत, ते त्यांचं घर. वरून ओतायचंही नाही. शेवटच्या पायरीवर बसून तांब्याचा काठ पाण्याला टेकवायचा आणि अलगद कलंडवायचा. काकूंच्या घरी कधी नारू झाला नाही. गल्ली म्हणे, पुण्य. मी म्हणे, फडकं.

"काकू, तुमची जिवाणी मला एक वाटीभर द्या की."

"ती माजी न्हाय पोरी, हिरीची हाय. मी कशी दिऊ?" त्यांनी तांब्यावर हातच ठेवला.

मग मी माझ्याच जुन्या लुगड्याच्या तुकड्यानं पाणी गाळलं आणि अडकलं ते बरणीत झटकलं. काकूंना यातलं काही सांगितलं नाही.

मासा ठिपक्याच्या मागं धावेल आणि दातांनी पकडेल अशी माझी कल्पना. तसं काही झालं नाही. मासा सावकाश जवळ गेला, एक डोळा ठिपक्यावर लावला, आणि त्याचं तोंड एकदम नळीसारखं पुढं आलं. ठिपका नाहीसा. तो ठिपक्याला धरतच नव्हता, पाणीच ओढत होता, आणि पाण्याबरोबर ठिपका आत जात होता. लगेच दोन्ही बाजूंची कल्ल्यांची झाकणं उघडायची आणि पाणी तिकडून बाहेर. ठिपका मात्र बाहेर यायचा नाही. ठिपके दाट असले की निवडण्याचे कष्टही नाहीत, चूळ भरल्यासारखं तोंड उघडझाप करत फिरायचा. मी तळाचा गाळ ढवळला तर गाळही ओढायचा, जरा वेळ तोंडात घोळवायचा, आणि नको ते पुढून थुंकून द्यायचा.

"पानी जातंय, गाळ थुकतोय, आनि किडा ऱ्हातोय," दादा कुशीवर वळून म्हणाला. आजारी पडल्यापासून तो पहिल्यांदाच आपणहून वळला होता. "ऱ्हातोय कुटं पन?"

दोन दिवसांनी मासा मेला. माझंच चुकलं असावं, बरणी उन्हात राहिली. मी सुईनं त्याच्या कल्ल्याचं झाकण उचललं. आत लालभडक कमानी होत्या, एकामागं एक, आणि प्रत्येक कमानीच्या आतल्या बाजूनं बारीक पांढऱ्या दातांची रांग.

दादानं मासा जवळ घेतला आणि हसला. "अगं, ही तर फणी हाय की!"

मागाच्या फणीतून सूत जातं, गाठ अडते. दादा नखानं ते दात चाचपत राहिला. त्याच्या मते फणी जरा विरळ होती, बारीक किडा निसटून जाईल अशी. मग त्यानं बोटं एकमेकांवर चोळली. "न्हाय न्हाय. हितं बुळबुळीत हाय, खळ लावल्यावानी. निसटनारा चिकटंल." त्या संध्याकाळी त्यानं भाकरी मागून घेतली. मला इतका आनंद झाला की मी अंगणातल्या अंगणात चार चकरा जास्त मारल्या.

पण दुसऱ्या माशानं माझी झोप उडवली. बरणीत ठिपके सोडले की तो आधी हेलकावणारे संथ ठिपके संपवायचा. उडी मारणाऱ्यांच्या जवळ गेला की पाणी हलल्याचं त्यांना कळायचं आणि ते टुणकन बाजूला. मासा एकदा चुकायचा, दोनदा चुकायचा आणि सोडून द्यायचा. नारू होता तो नेमका उडी मारणाऱ्यांत! मी बरणीवर चापट मारून ओरडायचे, "ते खा की मेल्या, ते!" दादा हसून हसून खोकायचा. शेवटी ध्यानात आलं की संथ ठिपके संपले आणि पोटात भूक उरली, की मग मासा उड्या मारणाऱ्यांच्याही मागं लागतो, दबा धरून, अगदी जवळ जाऊन, आणि बऱ्यापैकी पकडतो. म्हणजे मासा असून भागणार नव्हतं, उपाशी मासा हवा होता.

इकडं काकूंचा वेगळाच घोर सुरू झाला होता. त्यांनी तांब्या पाण्याला टेकवला की मासे धावून येत. तांब्याच्या काठापाशी त्यांची तोंडं उघडझाप करत आणि जिवाणी विहिरीत पोचायच्या आत त्यांच्या पोटात जाई. पहिल्या दिवशी काकू तांब्या तसाच घेऊन वर आल्या आणि पायरीवर बसून रडल्या. मग त्यांनी वेळ बदलून बघितली, पायरी बदलून बघितली. मासे कुठूनही यायचे. मी वरवर हळहळले, पण मनातून खूश होते. खात होते ना!

त्याच काकू दादाला रोज सकाळी गाळलेल्या पाण्याचा भरलेला तांब्या आणून द्यायच्या. "आजारी मानसानं गाळूनच प्यावं," इतकंच म्हणायच्या. दादा अंथरुणाला खिळल्यापासून तेच पाणी पीत होता. मला त्यांनी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. तहान लागलेल्या माणसानं फडकं शोधत बसावं, हे मला कधी जमलं नाही.

काही दिवसांनी काकू हसतमुखानं म्हणाल्या, "आता न्हाईत येत बग मासे. जिवाणीकडं ढुंकून बगत न्हाईत."

मी विहिरीतून नवा मासा धरून बरणीत सोडला, ठिपके टाकले. मासा तळाशी स्वस्थ. पोट टम्म, शेपटीखाली विष्ठेची पांढरी दोरी लोंबतेय. ठिपके त्याच्या नाकापुढून उड्या मारत गेले. मी तडक विहिरीवर गेले आणि पेल्यात पाणी घेऊन उन्हात धरलं. पहिल्या दिवसासारखंच पाणी बुजबुजत होतं.

दुसऱ्या दिवशी भोंग्याच्या आधीच मी विहिरीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. काकू आल्या, शेवटच्या पायरीवर बसल्या, ओच्यातून कणकेच्या इवल्या गोळ्या काढल्या आणि एक एक पाण्यात सोडू लागल्या. मासे झुंबड करून गिळत होते. सगळ्यांची पोटं भरल्यावर त्यांनी तांब्या उचलला, पाण्याला टेकवला आणि जिवाणी शांतपणे सोडली.

"काकू!" मी इतक्या मोठ्यानं ओरडले की त्यांच्या हातातला तांब्या पाण्यात गेला. "कधीपासनं चाललंय हे?"

"मासं आल्यावर आठ-पंध्रा दिसांनी सुरू केलं. का गं?"

"का काय? पोट भरलेला मासा किडे खात न्हाई! तुमी त्यास्नी पोसताय, किडे वाढतायत, आनि दादाचा पाय जानार! वहिनी लेकरू घिऊन यील तवा तिला काय दाखवू?"

काकू उठल्या नाहीत. खाली बसूनच माझ्याकडं बघत होत्या. "पोरी, माशाला भूक लागली आनि त्यानं खाल्लं, तर मी काय म्हननार? त्याचा त्यो जलमच हाय. पन मी गाळून वाचवलेलं जीव माज्या हातानं त्याच्या ताटात वाढू? हे हात कुटं धुवू मग?"

मी फार बोलले. आठवलं की अजून कानशिलं तापतात, पण त्या वेळी मला माझं बरोबरच वाटत होतं आणि आजही पुरतं चूक वाटत नाही. एकीकडं डोळ्यांना जेमतेम दिसणारे ठिपके, दुसरीकडं माझा भाऊ. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "तुजा दादा बी जीवच हाय की. उद्यापासनं न्हाय घालत मी."

आणि दुसऱ्या दिवसापासून त्या आमच्या विहिरीवर आल्याच नाहीत. पेठेच्या पलीकडं एक रहाटाची विहीर होती, मासे नसलेली. कमरेवर घागर घेऊन त्या वयात त्या तिथवर जायच्या. पाणी आणायचं, गाळायचं, आणि जिवाणी घेऊन पुन्हा तेवढंच चालत जायचं. मी म्हटलं, तुमची घागर मी आणते. त्या म्हणाल्या, "तुज्या पायाला भिंगरी, तू निम्मं वाटंत सांडशील." दादाचा तांब्या मात्र चुकला नाही. फक्त त्यातलं पाणी आता लांबून यायचं.

मासे पुन्हा उपाशी झाले. पेल्यात उडी मारणारे ठिपके हळूहळू विरळ झाले, शोधावे लागू लागले. पावसाळा गेला. वहिनीला आणि बाळाला तिच्या भावानं आणून सोडलं. दादा लंगडत का होईना खड्ड्यात उतरला आणि पुढच्या खोलीतून मागाचा आवाज यायला लागला. तरी मला चैन नव्हतं. अंथरुणाला खिळण्याआधी तो त्या विहिरीचं पाणी प्यालाच होता, आणि नारू वर्षभर अंगात दडून राहतो. मागाचा आवाज जरा थांबला की मी हातातलं टाकून धावायचे. दादा धागा सांधत असायचा. त्यानं पोटरी खाजवली की मी कंदील घेऊन पोटरी बघायचे. शेवटी तो वैतागला. "अगं, मला डास बी चावू दिनार का न्हाय?"

उन्हाळा आला. आमराया कैऱ्यांनी लगडल्या, विहिरीचं पाणी खाली गेलं, पायऱ्या उघड्या पडल्या. दादाच्या पायाला काही झालं नाही. मी वाट बघत होते, वहिनी बघत होती, समोरून काकू बघत होत्या. काही झालं नाही.

मग एका दुपारी वर्गात फळ्यापाशी उभी असताना माझ्या डाव्या घोट्याच्या वर खाज सुटली.

फोड आला तेव्हा मला आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग दादासमोर मी लहान पोरीसारखी रडले. दादानं मला त्याच जागी आडवं केलं जिथं तो गेल्या वर्षी पडून होता. गार पाण्याची बादली घरातच आणली, त्यात माझा पाय ठेवला, आणि ते पाणी विहिरीपासून लांब माळावर ओतून आला. पांढरं टोक दिसलं तेव्हा तो मागावरची सूत गुंडाळायची रिकामी कांडी घेऊन माझ्या पायापाशी मांडी घालून बसला. तुटक्या धाग्याला हात लावावा तसा त्यानं त्याला हात लावला. टोक कांडीला घेतलं, एवढासा पीळ दिला, थांबला. ताण जाणवला की थांबायचा, सैल झालं की अर्धा वेढा. रोज असं चालायचं. आयुष्यभर सूत न तुटू दिलेले ते हात होते. त्याचा घाम माझ्या पायावर टपटप पडायचा.

"हलू नगंस," तो म्हणायचा. "तुजा पाय हाय ह्यो. भिंगरीचा."

मी हलले नाही. मला कसं जमलं ते देव जाणे.

काकू तांब्या घेऊन आल्या. आता तो माझ्यासाठी होता. त्यांनी कांडीकडं बघितलं, माझ्या घोट्याकडं बघितलं आणि खाली बसल्या. बोटांवर काहीतरी मोजत होत्या, मागं मागं जात. मला कळलं त्या कुठवर पोचल्या ते.

"पोरी," त्या म्हणाल्या. "मी माशांस्नी कनिक घालत व्हते, त्या दिसांत तू ह्या हिरीचं पानी प्यालीस?"

मी खरं बोलणारी, तोंडावर बोलणारी बाई. गल्ली मला त्यासाठीच घाबरायची. रोज प्याले होते, ओंजळी भरभरून, त्यांच्या पायरीच्या शेजारच्या पायरीवर.

"न्हाय काकू," मी म्हटलं. "त्या दिसांत मी शाळंतलंच पानी प्यायचे. मधी वहिनीला बघाय करमाळ्याला गेलेवते न्हवं? तितल्या तळ्यावर प्याले. तितलंच हाय हे."

कांडी थांबली. दादानं मान वर केली नाही. काकू माझ्याकडं बघत राहिल्या, मग त्यांनी पदरानं डोळे पुसले, तांब्या माझ्या हाताशी सरकवला आणि "गाळलेलं हाय, पी," म्हणून उठून गेल्या. दारातून बाहेर पडताना त्यांनी उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला.

त्या अंगण ओलांडेपर्यंत दादा थांबला. मग हळूच म्हणाला, "करमाळ्याला कवा गेलीवतीस गं तू?"

"तू गुंडाळ गप," मी म्हटलं.

त्यानं अर्धा वेढा दिला. मी पाय हलवला नाही.